तळहाताच्या उबेवर मोबाइल चार्ज होत नाही

‘तळहात ठेवा, मोबाइल चार्ज करा’ हा व्हिडिओ मला आतापर्यंत चार जणांनी पाठवला होता. मी उघडलाही नव्हता. काल भाच्याने तोच पाठवला आणि खाली लिहिलं, “मामा, फायनल इयरला हाच प्रोजेक्ट घेतोय, पेल्टियर प्लेटही आणली.” आता मात्र गप्प बसवत नाही.

पेल्टियर प्लेट म्हणजे दोन बाजूंच्या तापमानात फरक असला की वीज देणारी पातळ प्लेट. दावा असा आहे: प्लेटला तळहात लावला की ५० मिलिव्होल्ट येतात, बूस्ट मॉड्यूल त्याचे ५ व्होल्ट करतं. व्होल्टेज १०० पट, म्हणजे ऊर्जाही १०० पट. कुठलंही साधं मॉड्यूल चालतं, वीज साठवायला बॅटरी-कपॅसिटर काही नको. आणि पुरावा काय, तर २० मिलिव्होल्टवर चालणाऱ्या चिप्स मिळतात!

सगळ्यात घातक आहे ते ‘ऊर्जाही १०० पट’. बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे मॉड्यूलमधलं व्होल्टेज वाढवणारं सर्किट, ऊर्जा तयार करत नाही. स्विच ऑन असताना कॉइलमध्ये करंट चढतो, स्विच ऑफ झाला की कॉइल तो डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आउटपुटकडे ढकलते. व्होल्टेज १०० पट वाढलं की करंट किमान १०० पट घटतो. किमान म्हटलं, कारण कॉइलची तार आणि स्विच आपापला वाटा खातातच. आता उलटा हिशेब करा. मोबाइलला ५ व्होल्टला १ अँपिअर द्यायचा, तर ५० मिलिव्होल्टच्या बाजूने १०० अँपिअर यायला हवेत, तेही नुकसान शून्य धरून. एवढ्या करंटवर वेल्डिंग होतं.

प्लेट देते किती? अशा पेल्टियरचा अंतर्गत रोध साधारण २ ओहम. सरळ शॉर्ट केली तरी २५ मिलिअँपिअर. जास्तीत जास्त पॉवर काढायला गेलं की व्होल्टेज निम्म्यावर येतं आणि हाती पडतात सुमारे ३१० मायक्रोवॅट. मोबाइलची बॅटरी १५ वॅट-अवरची धरली, तर ती भरायला साडेपाच वर्षं लागतील. तळहात न उचलता.

बरं, ते ५० मिलिव्होल्ट तरी टिकतात का? भाच्याला फोन चालू ठेवून मीटर लावायला सांगितलं. हात ठेवताच ५२. मग ४०, ३१, आणि मिनिटभरात १८. हाताच्या विरुद्ध बाजूही तापली, तापमानातला फरक गेला, व्होल्टेज गेलं. व्हिडिओत मीटरचे दोन्ही प्रोब आउटपुटवर आहेत, लोड (वीज वापरणारं काही) जोडलेलाच नाही, आणि इनपुटला काय जोडलंय ते दिसतच नाही.

साध्या मॉड्यूलचं तर बोलायलाच नको. व्हिडिओतल्या मॉड्यूलवर एमटी३६०८ ही चिप आहे. तिला इनपुटला किमान २ व्होल्ट लागतात.

२० मिलिव्होल्टची गोष्ट मात्र खरी आहे, तेवढी मान्य करावी लागते. एलटीसी३१०८ ही चिप १:१०० चा ट्रान्सफॉर्मर लावला की २० मिलिव्होल्टवर सुरू होते. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (दुसरी कॉइल) आणि चिपमधला मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) मिळून स्वतःच ऑसिलेट होऊ लागतात, म्हणजे आपोआप ऑन-ऑफ होत राहतात. फार सुंदर डिझाइन आहे, आणि म्हणूनच ते असल्या व्हिडिओत पुरावा म्हणून वापरलेलं पाहून चीड येते. त्या चिपची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) पुढे वाचली असती तर दिसलं असतं, इनपुट रोध २ ते १० ओहम. २० मिलिव्होल्टला २ ओहम धरले तरी आत शिरतात २०० मायक्रोवॅट. बाहेर त्याहून बरेच कमी. शिवाय सुरू होण्याचा आकडा वेगळा आणि चालू राहण्याचा वेगळा. बीक्यू२५५७० ही अशीच दुसरी चिप एकदा सुरू झाली की १०० मिलिव्होल्टवरूनही ऊर्जा ओढते, पण साठा रिकामा असेल तर सुरू व्हायलाच ६०० मिलिव्होल्ट मागते.

राहिला कपॅसिटर. तो नसेल तर काहीच चालणार नाही. समजा आउटपुटला १०० मायक्रोवॅट मिळाले. छोट्या रेडिओला सेन्सरचं एक रीडिंग पाठवायला ३ व्होल्टला १० मिलिअँपिअर, ५ मिलिसेकंद लागतात असं धरू, म्हणजे १५० मायक्रोज्यूल. ते दीड सेकंद साठवायचे आणि एका झटक्यात खर्चायचे. साठवायला कमी गळतीचाच कपॅसिटर घ्यावा लागतो, नाहीतर साठतंय ते तोच पिऊन टाकतो.

दीड सेकंदाला एक रीडिंग, बॅटरीशिवाय. हा प्रोजेक्ट होऊ शकतो आणि तो उत्तम आहे. भाच्याला सांगितलंय, आधी प्लेटच्या हात न लागणाऱ्या बाजूला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) बसव, लोड लाव, इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडचे व्होल्टेज-करंट मोज, आणि ते चार आकडे मला पाठव.