फायरवॉल आहे म्हणून पोर्ट उघडा? अजिबात नाही

"कंटेनर एकमेकांशी बोलत नसतील तर सगळ्यांचे पोर्ट पब्लिश करा. युएफडब्ल्यू सुरू असेल तर बाहेरचं कोणी आत येत नाही." डॉकर वापरणाऱ्यांसाठीचा चार कलमांचा हा मेसेज गेले काही दिवस फिरतोय. डॉकर म्हणजे प्रत्येक प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन; पोर्ट पब्लिश करणं म्हणजे त्या डब्याचं दार मशीनबाहेर उघडणं; आणि युएफडब्ल्यू म्हणजे लिनक्सवरचा फायरवॉल. दारव्ह्याच्या माझ्या मावसभावाने तसं करूनही टाकलं आणि मग मला विचारलं, "दादा, यात तं लिहेल आहे, भेव नाही म्हणून?"

भेव आहे. पोर्ट पब्लिश केला की डॉकर आयपीटेबल्समध्ये, म्हणजे पॅकेट कुठे जाईल हे ठरवणाऱ्या लिनक्सच्या नियमांत, स्वतःचे नियम लिहितो. बाहेरून आलेलं पॅकेट नॅटच्या, म्हणजे पत्ता बदलण्याच्या, टप्प्यावरच कंटेनरकडे वळतं. युएफडब्ल्यूचा पहारा 'इनपुट' साखळीवर, म्हणजे खुद्द मशीनसाठी आलेल्या पॅकेटांच्या नियमांवर, तिथवर ते जातच नाही. डॉकरच्या स्वतःच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी घरून त्याच्या सर्व्हरचा ५४३२ पोर्ट गाठला, तर पोस्टग्रेस या त्याच्या डेटाबेसने थेट पासवर्ड मागितला! त्यात तालुक्यातल्या कृषी केंद्रांचा हिशेब आहे: कोणत्या शेतकऱ्याने किती उधारीवर बियाणं नेलं, फवारणीचं औषध नेलं, त्याचा मोबाइल नंबर काय. गावात माणूस अशी उधारी सख्ख्या भावालाही सांगत नाही.

क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप (मशीनच्या बाहेर बसणारा क्लाउडचा फायरवॉल) बंद असेल तर पॅकेट मशीनपर्यंत येत नाही, एवढं मान्य. पण मेसेजात त्याचं नावही नाही, आणि भावाच्या स्वस्त सर्व्हरपुढे तसलं काही नव्हतं.

मुळात पोर्ट उघडायची गरजच नव्हती. त्याने अ‍ॅपमध्ये डेटाबेसचा पत्ता 'लोकलहोस्ट' दिला होता. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तोच कंटेनर, मग डेटाबेस सापडणार कसा? एका कंपोज फाइलमधल्या (कंटेनर एकत्र मांडणाऱ्या डॉकरच्या फाइलमधल्या) सर्व्हिसेस मुळातच एका नेटवर्कवर असतात. सर्व्हिसचं नाव घातलं की डॉकरचा आतला डीएनएस पत्ता शोधून देतो.

मेसेजातली बाकीची कलमं, आणि त्यांची उत्तरं. कंटेनरचा आयपी कोडमध्ये लिहा: कंटेनर नव्याने उभा राहिला की तो बदलू शकतो. होस्ट नेटवर्क (कंटेनरला थेट मशीनचंच नेटवर्क) वापरा, वेग वाढतो: नॅटचा फेरा वाचतो खरा, पण नेटवर्कचा आडोसाही जातो. कुबरनेटीसमध्ये (अनेक मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेत) सगळं आपोआप सुरक्षित: साफ उलटं. नेटवर्क पॉलिसी लावली नाही तर कोणताही पॉड (तिथला कंटेनरांचा गट) कोणत्याही पॉडशी बोलू शकतो.

डेटाबेसच्या पोर्ट्सची ओळ आम्ही काल रात्रीच काढली, पासवर्ड बदलला. त्याआधी कोणी आत आलं होतं का, ते पाहायला भाऊ सकाळपासून लॉग चाळतो आहे.