‘डोक्याच्या गोळ्या आजच बंद करा’ या संदेशाला उत्तर

गेले काही महिने व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मानसिक आजारांवरच्या साऱ्या गोळ्या गुंगीच्या असतात, एकदा लागल्या की त्या जन्मभर सुटत नाहीत, शॉक देऊन मेंदू जाळतात, आपल्या पूर्वजांना हे आजार ठाऊकच नव्हते, तेव्हा मन खंबीर करा आणि गोळ्या आजच बंद करा. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर, म्हणजे द्विध्रुवी मनोविकार (कधी उन्माद, म्हणजे मनाची अतिउत्तेजित अवस्था, तर कधी नैराश्य) आहे आणि तो नऊ वर्षांपासून लिथियम घेत आहे. रात्रीच्या गोळीच्या वेळी फोन माझ्यापुढे धरून त्याने विचारले, “ताई, हे खरं आहे का?” त्याला जे सांगितले तेच येथे सविस्तर लिहीत आहे.

गुंगीच्या दाव्यात थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. चिंता कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी झोप येते, त्यांची सवयही लागते. चिठ्ठीशिवाय त्या महिनोन्‌महिने घेणारी माणसे आपल्या ओळखीत असतात. परंतु हा औषधांचा केवळ एक गट झाला. नैराश्यावर दिले जाणारे एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीन घेतल्याने नशा येत नाही. उलट गुण दिसायलाच दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो आणि नेमक्या त्याच काळात कंटाळून अनेक जण औषध सोडून देतात.

लिथियम तर सोडियमच्या कुळातले एक मूलद्रव्य आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी त्याच्या क्षाराचा उन्मादावरील उपयोग १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. आमच्या घरी दर काही महिन्यांनी ठरलेला क्रम असतो: रात्रीची गोळी घेतल्यानंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यायचे आणि संध्याकाळी अहवालातला लिथियमच्या पातळीचा आकडा पाहायचा. तो साधारणपणे ०.६ ते १.० च्या दरम्यान असावा लागतो. १.५ च्या वर गेला की हात थरथरणे, उलट्या, तोल जाणे अशी विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांचीही तपासणी करावी लागते. मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडले, किंवा अंगदुखीसाठी न विचारता आयब्युप्रोफेन घेतली, तरी हा आकडा वाढतो. औषध निरुपद्रवी आहे असा माझा दावा मुळीच नाही. मात्र ज्याची मात्रा रक्तात मोजून ठरवली जाते त्याला ‘गुंगीची गोळी’ म्हणणे सरळसरळ चूक आहे.

गोळ्या सुटत नाहीत, हा दुसरा आणि माझ्या मते सर्वांत घातक दावा. नैराश्याचा पहिलाच झटका असेल, तर बरे वाटू लागल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवून मग ते हळूहळू कमी करतात. वारंवार उलटणाऱ्या आजारात ते दीर्घकाळ घ्यावे लागते, हे खरे. पण तो काळ आजाराच्या स्वभावावरून ठरतो. नैराश्यावरील औषध एकदम थांबवल्यास काहींना चक्कर येते, डोक्यात विजेसारखी सणक जाते. म्हणूनच मात्रा पायरीपायरीने उतरवायची असते. व्यसनातली हाव यात नसते. भावाने तिसऱ्या वर्षी असाच एक सल्ला ऐकून लिथियम परस्पर बंद केले होते. दोन महिन्यांनी तो रात्री दोन-दोन तासच झोपू लागला, अखंड बोलू लागला आणि एका दुपारी कोणाला न सांगता मोटारसायकल मिळेल त्या किमतीला विकून आला. शेजारीपाजारी म्हणाले, “बघा, गोळ्यांची सवय लागली होती.” उन्माद उलटून आला आहे, हे त्यांना समजावण्याचे त्राण तेव्हा आम्हा कोणातच नव्हते.

शॉकविषयीची भीती जुन्या काळातून आलेली आहे. रोममध्ये १९३८ साली चेर्लेत्ती आणि बिनी यांनी हा उपचार सुरू केला तेव्हा भूल देत नसत आणि झटक्यांत हाडे मोडल्याचीही उदाहरणे आहेत. आज रुग्णाला भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊन काही सेकंद वीज दिली जाते. भूल आणि ते औषध न देता हा उपचार करण्यास मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ ने बंदी घातली आहे. उपचाराच्या आसपासच्या दिवसांचे विस्मरण होते, काहींच्या जुन्या आठवणीही पुसल्या जातात, आणि हे रुग्णाला आधी सांगितलेच पाहिजे. तरीही नैराश्याने अन्नपाणी सोडलेल्या माणसासाठी हा उपचार जीव वाचवणारा ठरतो. मेंदू जाळण्याशी त्याचा संबंध नाही.

पूर्वजांना हे आजार ठाऊक नव्हते, असे म्हणणाऱ्याने चरकसंहितेतील उन्मादावरचे अध्याय पाहावेत. सर्पगंधा या वनस्पतीचा वेडावर आणि रक्तदाबावर उपयोग होतो, हे कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले. पुढे तिच्यातूनच रिसर्पिन हे औषध वेगळे काढले गेले आणि १९५० च्या दशकात ते मनोरुग्णांना दिलेही गेले. जिथे उपचार पोचले नाहीत तिथे साखळ्या होत्या. तामिळनाडूतील एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी झोपडीला आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्यामुळे गेले.

राहिले मन खंबीर करणे. नुसते तसे सांगून कोणी बरे होत नाही, पण बोलण्याचा उपचार मात्र खरा आहे. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांत छोटी छोटी कामे पुन्हा हाती घ्यायला शिकवले. त्याने नैराश्य कमी झाल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

हा संदेश वाचून कोणी गोळ्या थांबवल्याच असतील, तर राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नये. पाकिटे आणि चिठ्ठी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे लगेच जावे. डॉक्टर लांब असतील, किंवा रात्री-अपरात्री धीर सुटत असेल, तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.