खुलासा : चर्चिल यांचा तो चेहरा हिटलरवरच्या रागाचा नाही

छायाचित्रकार युसूफ कार्श यांनी काढलेला विन्स्टन चर्चिल यांचा फोटो 'भाषणात हिटलरला इशारा देतानाचा क्षण' म्हणून फिरतो आहे. हे चुकीचे आहे. 30 डिसेंबर 1941 रोजी ओटावात कॅनडाच्या संसदेतले भाषण संपल्यावर, सभापतींच्या दालनात तो काढला गेला. कार्श यांनी दिवे आदल्या रात्रीच लावून ठेवले होते. चर्चिल सिगार सोडेनात, तेव्हा कार्श यांनी माफी मागत तो त्यांच्या तोंडातून काढून घेतला आणि कॅमेऱ्याजवळ परतून शटर दाबले. चेहऱ्यावरचा राग त्या सिगारचा आहे.

'धडाधड काढलेल्या फोटोंतून हा निवडला' हेही अशक्यच. कॅमेरा 8 बाय 10 इंची शीट फिल्मचा, म्हणजे प्रत्येक फोटोला फिल्मचा वेगळा सुटा तुकडा लागणारा होता. अशा कॅमेऱ्यात मागच्या धूसर काचेवर फोकस करायचा, शटर मिटायचे, फिल्मचा होल्डर सरकवायचा, त्यावरची झाकणपट्टी ओढायची, मगच फोटो. होल्डर बसला की काचेवर काही दिसत नाही. समोरचा माणूस थोडा जरी पुढे झुकला तरी डोळे धूसर येतात. त्यामुळे छायाचित्रकार कॅमेऱ्याशेजारी उभा राहून थेट चेहरा पाहतो. कार्श यांची खरी कमाई हीच, क्षण ओळखण्याची.

त्यानंतर चर्चिल यांनी हसून आणखी एक फोटो काढू दिला. तो बनावट असल्याचे कुणी म्हणत असेल, तर तेही चूक; तोही अस्सल आहे.

या फोटोच्या चोरीबद्दलही एक खुलासा : ओटावातल्या शातो लॉरिए हॉटेलातून चोरीला गेली ती रागावलेल्या चेहऱ्याच्या फोटोची कार्श यांची सही असलेली प्रत, मूळ निगेटिव्ह नव्हे. 2024 मध्ये ती इटलीत सापडली.