डबा वेळेवर तयार नसेल तर डबेवाला थांबत नाही

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. डबेवाल्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'हे सगळं भाबडं कौतुक आहे. पंधरा वर्षं नाशिकला स्टेशनरीचं दुकान चालवतेय. हसून बोलले, उधारी दिली, वह्या घरपोच दिल्या. तीच गिऱ्हाइकं आज दहा रुपयांसाठी मोबाइलवरून माल मागवतात. रात्री साडेनऊला चार्ट पेपरसाठी शटर वाजवायला मात्र माझ्याच दारात येतात. सेवेने कुणी बांधलं जात नाही. आणि ते सिक्स सिग्मा म्हणजे निव्वळ थाप.'

शेवटच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. सिक्स सिग्मा म्हणजे जवळजवळ एकही चूक न होणाऱ्या कामाचा दर्जा. 'फोर्ब्स' या अमेरिकन मासिकाने 1998 मध्ये डबेवाल्यांवर लेख छापला आणि त्यानंतर तो शब्द त्यांना चिकटला. तपासणी करून कुणी तसं प्रमाणपत्र दिलेलं नव्हतं. ते प्रमाणपत्र त्यांना 'मिळालं' असं मी लिहिलं ही माझी चूक. लेखात दुरुस्ती केली आहे.

बाकीचं मात्र मला पटत नाही. हसून बोलणं, उधारी, यातलं डबेवाला जवळजवळ काहीच करत नाही. दारात त्याच्याकडे मिनिटभराचाही वेळ नसतो. डबा तयार नसेल तर तो पुढे जातो, आणि एखाद्या घरी हे रोजचंच झालं तर त्या घराचं काम सोडूनही देतो. कारण त्याच्याकडे आणखी पंचवीस-तीस घरांचे डबे असतात, आणि लोकल स्टेशनवर जेमतेम अर्धा मिनिट थांबते. आमची आई डोंबिवलीत सकाळचा सगळा स्वयंपाक त्याच्या वेळेवर बेतायची. त्याच्या कडकपणाबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. तो आपल्यासाठी थांबत नाही म्हणजे दुसऱ्या कुणासाठीही थांबत नसणार, आणि म्हणून बाबांना जेवण वेळेवर मिळणार, एवढा तिचा हिशोब होता.

पुढची गोष्ट मूळ लेखात मी एका ओळीत उरकली होती, ती जास्त महत्त्वाची आहे. मुकादमाच्या हाताखालच्या वीस-पंचवीस जणांच्या गटात दोन-तीन माणसं जादा ठेवलेली असतात. कुणी आजारी पडला, कुणाची सायकल मोडली, की त्याची लाइन माहीत असलेला दुसरा उभा राहतो. गटाची कमाई सगळ्यांत वाटली जाते, म्हणजे या जादा माणसांचा भार प्रत्येक जण स्वतःच्या खिशातून उचलतो. गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त डबा दिसतो. सेवेवर खरा पैसा इथे खर्च होतो, असं मला मनापासून वाटतं.

बाबांची बदली फोर्टहून वरळीला झाली तेव्हा आईने डबेवाल्याला शनिवारी सांगितलं. सोमवारी झाकणावर नवी खूण रंगवलेली होती आणि डबा वरळीच्या टेबलावर होता. एप्रिलमध्ये गावच्या जत्रेसाठी ही मंडळी मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडे जायची आणि पाच-सहा दिवस डबा बंद असायचा. बाबा तेवढे दिवस कँटीनमध्ये जेवायचे. त्या आठवड्यात आमच्या चाळीत कुणी दुसरी सोय लावल्याचं मला आठवत नाही.

भावाचं म्हणाल तर तो महत्त्वाचा आहेच. डबेवाल्यांची महिन्याची रक्कम नोकरदाराला परवडत होती, म्हणून तर हे चाललं. आणि 2020 मध्ये लोकल आणि ऑफिसं बंद झाली तेव्हा इतक्या वर्षांचा विश्वासही त्यांना वाचवू शकला नाही. ऑफिसात माणूसच नाही तर डबा कुणाला पोचवायचा? पुष्कळ जण गावी गेले, आणि सगळी गिऱ्हाइकं काही परत आली नाहीत.

आता तुमचं दुकान. वही सगळीकडे तीच मिळते, तिथे दहा रुपये वाचवणाऱ्यावर मी रागावणार नाही. पण ते साडेनऊचं शटर तुम्ही वैतागाने लिहिलंत, आणि मला नेमकं तेच मोलाचं वाटलं. सहावीच्या बाईंना कोणत्या मापाचा चार्ट लागतो, कोणत्या शाळेत चौकटीची वही चालत नाही, हे त्या पालकांना माहीत नसतं, तुम्हाला असतं. तुमच्या भागातल्या शाळांच्या अशा याद्या तुम्ही लिहून ठेवल्या आहेत, की सगळं डोक्यातच आहे? आणि तुम्ही आजारी पडलात तर त्या दिवशी ते कोण सांगतं? जमलं तर कळवा.