सळई फिरते, कोंबडी नाही

कोंबडी भाजायला लागतं काय? विस्तव आणि कोंबडी. पण मी घरात जाहीर केलं, "फिरता रोस्टर मी स्वतः बनवणार." बायको काही बोलली नाही. फक्त उठून सिलिंडर हलवून बघितला.

पहिला बेत अडगळीतल्या चकचकीत बादलीचा होता. मेव्हणा वेल्डिंग करतो. तो म्हणाला, "दाजी, हिच्यावर जस्ताचा मुलामा आहे. फार तापली तर धूर छातीत जाऊन हुडहुडी भरेल." बादली वाचली. मग साधा लोखंडी ड्रम उभा चिरला, दोन्ही टोकांना खाचा पाडल्या, त्यात सळई ठेवली आणि सळईला गाडीच्या वायपरची 12 व्होल्टची जुनी मोटर जोडली. (इंग्लंडात एके काळी हे काम चाकात पळणारा कुत्रा करायचा. आमच्या कुत्र्याकडे मी आशेने पाहिलं. तो कोंबडीकडे पाहत होता.)

बटण दाबलं. सळई मिनिटाला 40-45 फेरे घेत सुटली. कोंबडी जागच्या जागी! छातीची बाजू जड, ती खाली लोंबलेली, आणि सळई तिच्या पोटात एकटीच गरगरतेय. तारेने करकचून बांधली, तर जड बाजू वर जाताना मोटर कण्हायची आणि खाली येताना कोंबडी धप्पकन आपटायची. शेवटी हलक्या बाजूला मूठभर नट बांधले, तेव्हा कुठे तोल साधला. मात्र त्या वेगाने चरबीचे थेंब आधी माझ्या चष्म्यावर उडाले आणि उरलेले जाळात. भडका!

"जाळावर नाही रे, निखाऱ्यांवर भाजायचं असतं," आई म्हणाली. हे तिने लाकडं रचतानाच सांगितलं होतं, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. मी तेव्हा मोटरच्या तारा सोलत होतो.

दोन तासांनी बाहेरून कोळसा झालेली कोंबडी खाली उतरवली. मेव्हण्याने थर्मामीटरचा काटा मांडीत खुपसला. नीट शिजली असेल तर आत 74 अंश सेल्सिअस भरायला हवं. काटा 41 वर थांबला.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "जिवंत कोंबडीचं अंग एवढंच गरम असतं."

म्हणजे दोन तास राबून मी तिला जेमतेम पूर्ववत केलं होतं.

आतून गॅस पेटल्याचा आवाज आला.