आणि उरलेला दिवस?

ग्लायडिंगवरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातून उडण्यावरचा, तुमचा लेख आवडला, पण त्यात सगळं हवेतलंच आलंय. हडपसरच्या सरकारी सेंटरची ग्लायडर डोक्यावरून जाताना बघत वाढलो, म्हणून इंग्लंडमध्ये आल्यावर इथल्या एका छोट्या क्लबात नाव घातलं. पगारी माणूस एकही नाही, त्यामुळे दिवस जातो तो जमिनीवर. कुणी विंचवर (विंचू नव्हे, केबलने ग्लायडर ओढून वर चढवणारं यंत्र!), कुणी वेळा लिहायला, कुणी केबल ओढून आणायला. माझ्या वाट्याला हमखास पंखाचं टोक. 'ऑल आउट', म्हणजे 'आता पूर्ण जोराने ओढा', म्हटलं की टोक धरून चार पावलं पळायचं नि सोडायचं. तोवर ग्लायडरने नाक वर केलेलं असतं.

आपली पाळी येते तेव्हा हजार-बाराशे फुटांवर केबल 'खट्' सुटते, मग फक्त वारा. समोर काचेवर लोकरीचा धागा चिकटवलेला असतो. तो तिरका झाला, म्हणजे ग्लायडरचं नाक वाऱ्याला सरळ राहिलं नाही, की मागच्या सीटवरचे चौऱ्याहत्तर वर्षांचे शिकवणारे आजोबा नुसते खाकरतात. आपण मुकाट सुकाणूच्या पेडलवर पाय दाबायचा.

गेल्या रविवारी थर्मल, म्हणजे ग्लायडरला उचलून धरणारा गरम हवेचा झोत, मिळालंच नाही. सहा मिनिटांत खाली, आणि घरी पोचलो नऊ तासांनी. बायको अजून हिशेब विचारतेय.