कुलूप किती किलोचं हवं?

घराला सुरक्षा किती हवी हे घरात काय ठेवलंय त्यावर ठरतं, असं मानणारी भाबडी माणसं अजून आहेत. त्यांच्या नादी लागू नका. सुरक्षा पत्त्यावर ठरते. आधी पिनकोड बघा, मग तिजोरी.

तुम्ही गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीत राहत असाल तर एक रुपयाही खर्च करू नका. तिथं दार सकाळी दूधवाल्यासाठी उघडतं ते रात्री अंथरुणं पडल्यावरच लागतं, आणि गॅलरीच्या टोकाला लसूण सोलत बसलेल्या आजी हा बाजारातला सर्वोत्तम कॅमेरा आहे. मोतीबिंदू असूनही अंधारात दिसतं, आवाजासकट रेकॉर्डिंग होतं आणि महिन्याभरानं काही पुसलं जात नाही. एकच खोट. फूटेज मागावं लागत नाही, ते आपणहून चारही मजल्यांना दाखवलं जातं.

नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घर मिळालं तर सुताराचेही पैसे वाचले. तिथल्या परंपरेप्रमाणे घराला चौकट असते, दार नसतं. बंदोबस्त खुद्द शनिदेवांकडे, आणि त्यांची शिफ्ट बदलत नाही. रात्री कुत्रं आत शिरू नये म्हणून फळी टेकवतात, पण तिला दार म्हणायचं नाही. २०११ साली युको बँकेनं इथं ‘कुलूप नसलेली’ शाखा उघडली : काचेचं दार, आणि त्याला सहज नजरेत न भरणारं विद्युतचुंबकीय कुलूप. देवाचाही मान राहिला, हिशेबनिसांचाही. २०१५ साली गावाला पोलीस ठाणंही मिळालं. साडेसातीला तेवढाच हाताखाली माणूस.

कोकणात गावचं घर असेल तर मात्र कुलूप मोठं घ्या. पितळेचं, निदान अर्धा किलोचं. घर गणपती आणि मे महिना सोडून बंदच असतं, त्यामुळे कुलूप पाहून चुलतभावाला आपल्याविषयी काय वाटतं, एवढंच त्याचं काम. चोराला न्यायला आत आहे काय? एक पाट, दोन घमेली आणि आजोबांचा फोटो. शिवाय खाली शिसवी दार, कडी-कोयंडा, आडवा अडसर. आणि वर नुसती कौलं, जी माकड एका हातानं सरकवतं.

आता मुख्य गिऱ्हाईक, म्हणजे तुम्ही-आम्ही टॉवरवाले. इथं हात आखडता घेऊ नका. गेटवर रखवालदार, लॉबीत दुसरा, लिफ्टमध्ये कॅमेरा, घराला सेफ्टी डोअर, त्यामागे मुख्य दार, त्याला मॅजिक आय आणि दोन लॅच. जालन्याहून डिंकाचे लाडू घेऊन मावशी आली की गेटवर तिचा फोटो काढायला लावा. ॲपवर ‘मंजूर’ दाबायला तुमचा फोन सापडेपर्यंत तिला उन्हात उभी राहू द्या. माणूस आपलाच असला तरी नियम सगळ्यांना सारखे. तेवढ्या वेळात कोथिंबीर पोचवणारी पोरं चारदा आत-बाहेर करतील. त्यांना अडवू नका, त्यांची वेळ मोजली जाते.

गेल्या पावसाळ्यात मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो आणि वाऱ्यानं मागे दार लागलं. मी बनियनवर, फोन आत, चावी आत. रखवालदारानं नाक्यावरचा चावीवाला बोलावला. त्याची नोंद वहीत करायची राहिली, कारण पेन चालत नव्हतं. त्यानं एक वाकडी तार आणि प्लास्टिकची पट्टी काढली. रखवालदारानं टॉर्च धरला. दोन्ही दारं मिळून चार मिनिटं. मी घरमालकच आहे का, हे त्यानं विचारलं नाही. बनियन हा बहुधा पुरेसा पुरावा असावा.

“साहेब, या बिल्डिंगमध्ये सगळीकडे हेच लॅच आहे,” पाचशेची नोट खिशात घालत त्यानं मला धीर दिला.

“एक चावी समोरच्यांकडे ठेवत जा ना,” रखवालदार म्हणाला.

सूचना चांगली होती. समोरच्यांचं आडनाव काय, ते तेवढं त्याला विचारून घेतलं.

“ॲपवर दिसेल, साहेब.”